टांग्याने त्रिनिदादला

मी आयुष्यात एकदाच समुद्रापारच्या बेटावर जाऊन आलो. जाताना आणि येताना टांगा केला होता.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी तेव्हा जालन्याच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. होतो म्हणजे पुरता झालो नव्हतो, हंगामी होतो. मुस्तकिल, म्हणजे कायम व्हायचं तर वरून हुकूम यावा लागे, आणि तो यायचा की नाही हे आमच्या डॉक्टरसाहेबांच्या एका शब्दावर होतं. अडचण एवढीच, की डॉक्टरसाहेब शब्द फार जोरात वापरत. ते दवाखान्यात ओरडले की मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, बैल दचकतात असं लोक म्हणत (बैलांना मी विचारलेलं नाही). माझ्याआधीच्या कंपाउंडरने खोकल्याच्या बाटलीला मलमाच्या बरणीचं बूच ठोकलं, तर दिवस मावळायच्या आत तो बाडबिस्तऱ्यासह आपल्या गावी पोचला होता. मी सकाळी दवाखान्याची पायरी चढताना मारुतीचं नाव घ्यायचो आणि उतरताना आभार मानायचो.

त्यात माझं नुकतंच लग्न झालेलं. सासऱ्यांनी मुलगी दिली ती 'जावई सरकारी नोकरीत आहे' या एका वाक्यावर. ते वाक्य हंगामी आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच नाही!

अशात मंठ्याकडून गोदाआत्या आली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर शेती तिने स्वतः सांभाळली, आणि गडी, पटवारी, रानडुक्कर यांपैकी कोणालाही ती भीत नसे. तिच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. डॉक्टरसाहेबांनी तो काढला आणि काही दिवसांनी पट्टी सोडून जाड भिंगाचा चष्मा चढवला. मी शेजारी पातेलं धरून उभा. आत्याने साहेबांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"अगं माय! एवढासाच हाय व्हय ह्यो मानूस? आवाजावरून मला वाटलं दाराएवढा आसंल."

"क्या फरमाती हैं?" साहेबांनी मला विचारलं.

"म्हणतात, आप बहुत बडे आदमी हैं," मी म्हणालो.

"कंपाउंडर!" खिडकीची तावदानं हलली. "हमको मराठी थोडी थोडी समझती है! आइंदा तर्जुमा करना तो लफ्ज-ब-लफ्ज करना! एक लफ्ज इधर का उधर हुआ, तो तुम भी उधर!"

उधर म्हणजे कुठे, ते मला माहीत होतं. आधीचा कंपाउंडर तिथेच होता. मी तिथल्या तिथे शपथ घेतली, की यापुढे तर्जुमा करताना, म्हणजे इकडचं तिकडे सांगताना, शब्दाला शब्द लावून सांगायचं, आपली अक्कल मध्ये घालायची नाही. (ही शपथ मी पाळली. पुढचं सगळं त्यामुळेच झालं.)

पण आत्याच्या त्या बोलण्यावर साहेब चक्क हसले! मी त्यांना हसताना प्रथमच पाहिलं आणि जास्तच घाबरलो. ते म्हणाले, "आपाजी, नई आँख से हमारा जज़ीरा देखने आइये. जुम्मे को. कंपाउंडर, तुम भी. घरवालों को लेके."

आपाजी म्हणजे ताई, आणि जज़ीरा म्हणजे बेट. हे बेट छावणीच्या बाजूला, साहेबांच्या बंगल्यामागे होतं. साहेब तरुणपणी आगबोटीवर डॉक्टर होते. आपल्याकडचे मजूर उसाच्या मळ्यांवर न्यायच्या त्या बोटी. थेट त्रिनिदाद बेटापर्यंत जायच्या. तिथल्या जंगलात झाडांवर वाढणारी ऑर्किडं त्यांनी पाहिली आणि त्यांना वेड लागलं. परत येताना कपड्यांच्या पेटीतून कपडे काढून ऑर्किडं भरून आणली म्हणतात. शहरात त्या बागेबद्दल सगळे कुजबुजत, पण आत पाऊल टाकलेला माणूस मला तरी भेटला नव्हता.

शुक्रवारी आम्ही टांग्याने निघालो. आत्या, मी आणि आमची मंडळी, सुशीला. मी वाटभर सूचना देत होतो.

"कशालाच हात लावायचा न्हाई. कशालाच! अन् आत्या, तू बोलूच नको."

"मुक्यानं जाऊ का मंग? लोक म्हनतील डोळा काढला तवा जीभ बी काढली."

"अहो, पण फुलांना भ्यायचं काय एवढं?" सुशीला म्हणाली.

"मी फुलाला भेत न्हाई. मी फुलाच्या मालकाला भेतो."

बाहेर उन्हाळा रणरणत होता. बंगल्यामागे तट्ट्यांचा एक लांबलचक मांडव, बाजूंनी खसाचे, म्हणजे वाळ्याचे, पडदे, आणि एक भिस्ती पखालीने त्यावर सारखं पाणी मारतोय. दारात दगडी नाली होती, टिचभर पाण्याची. तिच्यापलीकडे साहेब पांढऱ्या शेरवानीत उभे. हात पसरून म्हणाले, "यह समंदर है. पार कीजिये!"

लफ्ज-ब-लफ्ज! मी म्हणालो, "आत्या, हा समुद्र आहे. ओलांड."

आत्या नालीपाशी थबकली. "समुद्र? मंग गावाकडं पंगतीला बसू देतील का मला?"

"क्या फरमाती हैं?"

मी ते शब्दशः सांगितलं. साहेब गंभीरपणे म्हणाले, "जिम्मा हमारा." आत्याने लुगडं सावरलं आणि समुद्र ओलांडला. मागोमाग सुशीला. मी ओलांडताना पाय घसरून घोट्यापर्यंत समुद्रात गेलो, पण ते कोणी पाहिलं नाही.

आत शिरलो. ओली, हिरवी, गुदमरवणारी हवा. वर लाकडी पट्ट्यांच्या टोपल्या टांगलेल्या, त्यांतून पांढुरक्या मुळ्या खाली लोंबताहेत, अगदी तोंडासमोर. त्यांतली एक हलली. (वाऱ्याने हलली असेल. पण खसाच्या पडद्याआड वारा कुठला?) साहेब दर टोपलीखाली थांबून हकिगत सांगत होते आणि मी घसा कोरडा पडेपर्यंत तर्जुमा करत होतो. मध्येच माझ्या मानेवर काहीतरी गार पडलं आणि पाठीवरून खाली सरकू लागलं. ओरडलो तर नोकरी जाते, न ओरडलो तर जीव! मी डोळे मिटून नोकरी वाचवली. तो पाण्याचा थेंब होता.

"मुळ्या हवेत कामून लोंबून राह्यल्या?" आत्याने विचारलं. "जमीन न्हाई का भेटली बिचाऱ्यांना?"

हाही तर्जुमा झाला. साहेबांनी मान डोलावली. "सही सवाल," ते म्हणाले, आणि आम्हाला अगदी शेवटच्या टोपलीकडे घेऊन गेले.

तिथे त्यांचा आवाज एकदम खाली आला. तो खाली येऊ शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. बाकीची ऑर्किडं म्हणे कलकत्त्याची, निलगिरीची. खुद्द त्रिनिदादचं असं हे एकच उरलेलं. जालन्याच्या उन्हात त्याला एवढी वर्षं नुसतं जगवलं, फूल म्हणून कधी आलं नाही. आणि आता या साली, पहिल्यांदाच, एक लांब दांडी वर निघाली होती आणि तिच्या टोकाला एक कळी. साहेबांनी कळीकडे पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे ओले झाले होते. मी नजर खाली वळवली. वरिष्ठांचे ओले डोळे हंगामी माणसाने पाहू नयेत.

आणि आत्या मोठ्याने म्हणाली, "ह्ये तं बांडगूळ हाय रे दत्तू! आमच्या आंब्यावर असंच आल्तं. मागल्या साली कोयत्यानं काढून फेकलं म्या."

माझ्या पायाखालचं त्रिनिदाद सरकलं.

"क्या फरमाती हैं आपाजी?"

लफ्ज-ब-लफ्ज सांगावं तर मेलो. न सांगावं तर साहेबांना मराठी थोडी थोडी समजते! मी आत्याचा दंड धरला. "चांगलं म्हण, आत्या! पाया पडतो तुझ्या, चांगलं म्हण!"

"आरं पर..."

"आत्याबाई, म्हणा हो," सुशीलाही काकुळतीला आली.

"बरं बाप्पा." आत्याने चष्मा नीट केला. "लई चांगलं हाय. असं म्या जन्मात पायलं न्हाई."

हे मी असं काही खणखणीत उर्दूत सांगितलं की भिस्तीनेसुद्धा वळून पाहिलं. साहेबांनी छातीवर हात ठेवला, किंचित झुकले आणि म्हणाले, "आप ही का है."

आता ज्याने हैद्राबादी माणसांत थोडे दिवस काढलेत त्याला हे माहीत असतं. तुम्ही कोणाच्या घड्याळाची तारीफ केली की तो म्हणतो, आप ही का है, तुमचंच आहे. मग तुम्ही म्हणायचं, छे छे, आपल्याच हातात शोभतं. की झालं! घड्याळ जागचं हलत नाही आणि दोघांचंही मन प्रसन्न होतं. ही नुसती तहजीब, बोलण्याची रीत. मला ती पक्की माहीत होती. पण मला रीत सांगायला कोणी सांगितलं नव्हतं. शब्द सांगायला सांगितलं होतं.

"आत्या," मी म्हणालो, "साहेब म्हणतात, हे तुमचंच आहे."

आत्या टोपलीकडे बघत राहिली. तिला भरून आलं असं मला वाटलं, आणि मी निर्धास्त झालो.

तेवढ्यात नमाजाची वेळ झाली. साहेब आमचा निरोप घेऊन मशिदीकडे गेले. मी टांगा बघायला रस्त्यावर गेलो, तो बराच वेळ मिळेना. मिळाला तेव्हा दोघी येऊन मागे बसल्या, मी पुढे टांगेवाल्याशेजारी, आणि आम्ही निघालो. माझी छाती हलकी झाली होती. मी टांगेवाल्याला त्रिनिदादबद्दल चार गोष्टी सांगितल्या. कुंडलिका नदीच्या पुलावर आलो तेव्हा तो म्हणाला, "मालक, मागून काहीतरी गळून राह्यलं."

मी वळून पाहिलं. आत्याच्या मांडीवर, पदराखाली, काहीतरी होतं. पदरातून एक लांब दांडी बाहेर आली होती. दांडीच्या टोकाला कळी!

"आत्या, ते काय हाय?"

"बांडगूळ."

"कुठलं बांडगूळ?"

"साहेबानं दिलं ते. तूच तं सांगितलं, तुमचंच हाय म्हून!"

मी काहीतरी बोललो असेन. काय ते आठवत नाही. टांगेवाल्याने घोडा थांबवून मला पाणी दिलं एवढं आठवतं.

"अहो, मला वाटलं खरंच दिलं त्यांनी," सुशीला म्हणाली. "माळी आडवा आला होता. आत्याबाईंनी सांगितलं साहेबांनी दिलं, तर तो मटकन खालीच बसला."

"पण आत्या, तुला हवं तरी कशाला होतं?"

"मला?" आत्या चिडली. "मला काय चुलीत घालायचं का बांडगूळ? मला नकोच होतं! पर ज्यानं डोळा दिला, त्यानं हातानं दिलेलं न्हाई कसं म्हनू रे? अपमान न्हाई का होनार त्या देवमानसाचा?"

म्हणजे नीट ध्यानात घ्या. देणाऱ्याला द्यायचं नव्हतं, घेणारीला घ्यायचं नव्हतं, आणि मध्ये मी तर्जुमा केला होता!

मी टांगा माघारी वळवायला लावला. आत्या आणि सुशीलाला पुलावरच उतरवलं, टोपली पोटाशी धरली, आणि साहेब मशिदीतून यायच्या आत ती खुंटीला अडकवायची म्हणून टांगेवाल्याला घाई करत सुटलो. बंगल्याच्या फाटकात टांगा थांबला. फाटकात साहेब उभे होते. मागे माळी, अजून बसलेलाच.

साहेबांनी टोपलीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा शेरवानीसारखा पांढरा झाला. आता तोफ उडणार म्हणून मी मान खाली घातली. पण तोफ उडाली नाही. साहेबांनी छातीवर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "आपाजी को पसंद आया ना? बस. उन्हीं का है."

"साहेब, ते... गलतीनं..."

"दी हुई चीज," साहेब म्हणाले, "शरीफ आदमी वापस नहीं लेता." आणि आत गेले. दार लावल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. साहेब ओरडायचे थांबले. सगळ्या दवाखान्याला आनंद झाला, फक्त मी पांढरा पडत चाललो. ते मला "कंपाउंडर" म्हणायचे. आता "कंपाउंडरसाहब" म्हणू लागले. मग "जनाब कंपाउंडरसाहब" झालं. एकदा माझ्या हातून टिंक्चरची अख्खी बाटली फुटली आणि साहेब म्हणाले, "कोई बात नहीं, जनाब. आपकी अपनी बोतल है." मला ताप भरला! माणूस एवढा गोड बोलायला लागला म्हणजे आत काय शिजत असेल? हुकूम आता येणार नाही, सासरे कळल्यावर मुलीला घेऊन जाणार, आणि मी मंठ्याला आत्याचं रानडुक्कर हाकणार, हे मला स्पष्ट दिसू लागलं.

त्यात ते बांडगूळ घरी. ते मेलं तर? जुन्या जालन्यातल्या आमच्या खोलीत दुपारी भाकरी भाजेल एवढा उकाडा. टोपली आम्ही न्हाणीच्या दारात टांगली. शेजारणी बघायला आल्या. एकीने ताक घाला म्हटलं, एकीने शेण थापा म्हटलं, एकीने दृष्ट काढली. आत्या म्हणाली, "आंब्यावर बांधा, आपोआप वाढतं, मेलं मरत न्हाई." मी टोपलीखाली पहारा देत बसायचो. कळी कालच्यापेक्षा किंचित मलूल दिसली की मी मारुतीचं नाव घ्यायचो.

साहेबांना सरळ विचारायची सोय नव्हती. पण एकदा रोगी तपासता तपासता, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "जनाब, आपके घर जो मरीज है, वह कैसा है?"

"जिवंत है साहेब," मी पुटपुटलो.

"सुबह शाम पानी का छिडकाव. धूप बिल्कुल नहीं. और उसकी जडों को कोई हाथ न लगाये!" शेवटच्या वाक्याला जुना आवाज क्षणभर परत आला आणि समोरचा रोगी खोकायचा थांबला.

मी ते औषध इमानाने दिलं. सुशीला सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायची, मी खिडकीला ओलं पोतं बांधलं. आणि एका सकाळी न्हाणीकडून आत्याची आरोळी आली, "दत्तू! किडा! एवढा मोठा किडा बसलाय रे दांडीवर!"

मी धावलो. आत्याने केरसुणी उगारली होती. दांडीच्या टोकावर पिवळं-तांबडं, ठिपक्याठिपक्यांचं काहीतरी पंख पसरून बसलेलं, वर तीन लांब मिशा. मलाही तो किडाच वाटला. केरसुणी खाली येणार एवढ्यात सुशीला किंचाळली, "आत्याबाई, फूल आहे ते!"

मी मध्ये झेप घेतली. केरसुणी माझ्या तोंडावर बसली. माझ्या सबंध नोकरीत मी केलेलं हे एकमेव शौर्य, आणि ते कामावर जायच्या आधी केलं.

फूल उमललं होतं. हुबेहूब फुलपाखरू! आम्ही तिघं त्याच्याकडे बघत उभे राहिलो. मला एकदम रडू आलं. ते फूल बघायला एक म्हातारा माणूस एवढी वर्षं थांबला होता आणि ते उमललं माझ्या न्हाणीच्या दारात!

दवाखान्यात गेल्यावर मी एवढंच म्हणालो, "साहेब, मरीज... उठून बसला." साहेबांच्या हातातली नळी खाली पडली. ती उचलून ते म्हणाले, "आपाजी की आँख देखनी है. शाम को हाजिर होता हूँ."

मी घरी येऊन बेत रचला. बेत अगदी सोपा होता. साहेब फुलाची तारीफ करणार. केली की आपण लगेच म्हणायचं, आप ही का है! त्यांचंच हत्यार! "आत्या, एवढं एकच वाक्य पाठ कर. ते कशाचीबी तारीफ करू दे, तू म्हण, आप ही का है."

"आपही का हाय," आत्याने घोकलं. "आपही का हाय. आपही का हाय."

संध्याकाळी साहेब आले. आणि फुलाकडे पाठ करून बसले! मी विसरलो होतो, की शरीफ माणूस दिलेल्या वस्तूची तारीफसुद्धा करत नाही. तारीफ म्हणजे मागणं. त्यांनी आमच्या भिंतीची तारीफ केली.

"आपही का हाय," आत्या म्हणाली.

त्यांनी चहाची तारीफ केली. "आपही का हाय." बशीची केली. "आपही का हाय." साहेब घाम पुसू लागले. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "आपका भतीजा... मेहनती है."

"आपही का हाय!" आत्याने मलाही देऊन टाकलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ही भेट त्यांना नको आहे एवढं मला कळलं.

मग त्यांनी घाईघाईने डोळा तपासायला घेतला. बोट वर धरलं. "आपाजी, क्या दिखता है?"

मी तर्जुमा करायला तोंड उघडलं, पण आत्या तोवर बोलायला लागली होती, आणि माझ्याकडे न बघता थेट साहेबांशी.

"बोट दिसून राह्यलं. तुमच्या मागं फूल दिसून राह्यलं. अन् डागदरसाहेब, तुमचा जीव त्या फुलात अडकलाय, ते बी दिसून राह्यलं. तुम्हीच दिलेला डोळा हाय, खोटं कसं दाखवंल? पार वळा अन् बघा त्याला. अन् घरी घेऊन जा. मी काय तहजीब-बिहजीब जानत न्हाई. मला ते नगं होतं, तुम्हाला द्यायचं नव्हतं. ह्या येड्यानं मधी घोळ केला."

या बोलण्याला तर्जुम्याची गरज लागली नाही.

साहेब हळूहळू वळले. बराच वेळ फुलाकडे बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. आत्याने उठून टोपली काढली आणि त्यांच्या हातात दिली. टोपलीत गुळाचा एक खडाही ठेवला. रिकाम्या हाताने पाठवायची तिला सवय नव्हती. साहेबांनी वाकून तिला सलाम केला. मग टोपली छातीशी धरून ते टांग्यात बसले आणि टांगेवाल्यावर असे ओरडले, की सबंध गल्ली बाहेर आली.

"आहिस्ता चल, गधे! आहिस्ता!"

तो जुना आवाज ऐकून माझ्या जिवात जीव आला.

काही दिवसांनी एका सकाळी दवाखान्यात गेलो तर साहेबांनी हाक मारली. "कंपाउंडर!" जनाब नाही, साहब नाही. मी आत गेलो. कंपाउंडरच्या मेजामागे एक खुर्ची होती. हंगामी माणसाला स्टूल मिळे. ती खुर्ची मुस्तकिल माणसाची. साहेबांनी तिच्याकडे बोट केलं, छातीवर हात ठेवला, किंचित झुकले आणि म्हणाले, "कंपाउंडर, यह कुर्सी आज से आप ही की है."

एवढं बोलून ते रोगी तपासायला निघून गेले.

मी खुर्चीकडे पाहत राहिलो. खरंच दिली होती, की मी तारीफ न करताच नुसती तहजीब होती? विचारणार कोणाला? घरी सांगितलं तर आत्या म्हणाली, "दिली म्हनला नं? मंग बूड टेक की!" पण तिने एकदा 'दिलं' हे खरं मानलं तेव्हा काय झालं होतं ते मी विसरलो नव्हतो. वरून कायम झाल्याचा हुकूम आला, सासऱ्यांनी पेढे वाटले, दुसऱ्या साली त्या फुलाला भाऊ आला, तरी मी पुड्या उभ्यानेच बांधत होतो. शेवटी माझ्या पायाच्या शिरा फुगल्या, आणि त्याच्यावर औषध घ्यायला मी डॉक्टरसाहेबांकडेच गेलो. त्यांनी तपासलं आणि मोंढ्यातले बैल दचकतील अशा आवाजात एकच औषध सांगितलं: "बैठो!"